चावीवाल्या चाचांचा अर्धा दिवस

लातुरात मला ज्यांनी टिकवलं ते चावीवाले चाचा. हे आधी लिहून ठेवते, मग काय घडलं ते सांगते. कारण सांगताना मी घाबरते, आणि घाबरले की मुख्य माणूसच राहून जातो.

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल. गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, ते कुणालाच ठाऊक नाही. चाचा पाणी सोडायच्या नोकरीत होते. रस्त्यातल्या चेंबरमध्ये कमरेएवढी लोखंडी चावी घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्या गल्लीच्या नळाला पाणी. लातूरसारख्या गावात हे काम करणाऱ्याला लोक कलेक्टरपेक्षा जास्त ओळखतात. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी सरकारी चावी जमा केली, तिची पोच घेतली आणि तिथून सरळ लोहाराकडे जाऊन तशीच एक स्वतःची करून घेतली.

मी एकदा विचारलं, "चाचा, हिनं व्हॉल्व्ह उघडतो का?"

"उघडतो."

"मग कधी उघडला?"

"कधीच न्हाई. रिटायर हाय ना मी."

ही चावी घेऊन ते लोकांना लातूर दाखवतात. देवळं, दर्गा, जुन्या पेठा, गल्लीबोळ. सकाळी सात ते दुपारी साडेबारा. साडेबारा वाजले की वाक्य जिथं असेल तिथं थांबतं. कोल्हापूरच्या एका गृहस्थांना ते सांगत होते, "आन् मंग तळाशी उतरल्यावर त्या आडात त्यांना जे सापडलं..." तेवढ्यात त्यांनी घड्याळ बघितलं, "चलतो, खुदा हाफिज" म्हणाले आणि वळले. ते गृहस्थ मुक्काम वाढवून दुसऱ्या दिवशी परत आले. आडात बादली सापडली होती.

लातूरला फिरायला कोण येतं, असं कुणीही विचारील. फिरायला कुणी येत नाही. पोरं येतात, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला, आणि त्यांना सोडायला आईबाप येतात. जून महिन्यात हे आईबाप क्लासच्या फाटकासमोर उभे असतात. पोरगं आत गेलेलं असतं, एसटी दुपारची असते, मधल्या वेळात जायला जागा नसते. मग ते जाळीतून आत बघत राहतात. आतून पोरांनाही ते दिसतात. एक रडलं की बाक रडतो, बाक रडला की वर्ग. माझी पोरगी ज्या क्लासला आहे तिथला वॉचमन याला कंटाळला होता. तो चाचांच्या गल्लीतला. चाचा त्याला म्हणाले, "माझ्याकडं दे. बस सुटेस्तोर फिरवून आणतो." अशी ही सैर सुरू झाली. पुढं क्लासचं ऑफिसच पालक पाठवायला लागलं, माणशी थोडे पैसे मिळायला लागले आणि लोकांनी तिला हेरिटेज वगैरे नाव दिलं.

मलाही वॉचमननंच चाचांच्या हवाली केलं.

मी इस्लापूरकडची. किनवटच्या गाडीनं नांदेड, नांदेडहून एसटीनं लातूर. वाटेत पोरगी दोनदा ओकली, मी एकदा. मी आठवी शिकले. नववीची शाळा उघडली त्या दिवशी मी रानात सरकी लावत होते, आणि त्यानंतर शाळेनं मला विचारलं नाही आणि मी शाळेला. पोरीला मात्र दहावीत असे मार्क पडले की पॉइंटच्या पुढंही दोन आकडे होते. ते कसे वाचायचे हे मी तिलाच विचारलं.

होस्टेलच्या दारात ती म्हणाली, "मम्मी, तू इथं ऱ्हायलीस तर मी ऱ्हाते. न्हाईतर मी बी आत्ताच येते."

तिचे पप्पा इस्लापूरला ऑटो चालवतात. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "तिथं तुझं तू भागवत असशील तर ऱ्हा. दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर दोघी बी या." रागानं म्हणाले नाहीत. पाऊस कसा आहे ते सांगावं तसं सांगितलं. म्हणजे हिशेब सोपा होता. मला काम मिळालं तर पोरगी शिकणार. आणि मी आठवी पास, या गावात मला ओळखणारं कुणी नाही.

त्या दिवशी आम्ही पाच आईबाप होतो. मी सारखी पिशवीतून फोन काढून बघत होते. पोरीचा मिसकॉल आला का, आला तर मी निघायचं का. चाचांनी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी चावी माझ्यापुढं केली.

"धरा बाई."

ती चावी दोन हातांनीच धरावी लागते. अर्धा दिवस मी ती छातीशी धरून चालले. फोन वाजला तरी काढता येईना. नंतर कळलं की दर खेपेला सगळ्यात घाबरलेला माणूस हेरून चाचा त्याला चावी धरायला देतात. मोठमोठ्या साहेबांनी धरली आहे. एका फौजदारानं धरली आहे, तोही गणवेशात.

बाकीचे गाईड वर बोट करतात, चाचा खाली. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध अंबाबाईचं देऊळ. लोक मान वर करून कळस बघत असतात तेव्हा चाचा रस्त्यातलं एक झाकण दाखवतात. "हे बघा. ह्याच्याखाली तीन लाईनी. एक सराफ्याला, एक कापडवाल्यांला, एक भुसारला. सराफ्यात पाण्याचं काम कमी, पर बोंब पयली त्यांची." मग पुढच्या झाकणाकडं. चार झाकणं झाली की माणसाला वाटायला लागतं की वरचं गाव ही नुसती सावली आहे आणि खरं लातूर खाली नळांनी बांधून ठेवलंय. हे मी आत्ता लिहिलं. चाचा असलं बोलत नाहीत. ते म्हणतात, "फुडं चला."

सिद्धेश्वराच्या देवळात ते आवारातल्या नळापाशी उभे राहतात. "माझी पाईपलाईन हितपर्यंत. आतलं पुजारी सांगतील." हा नियम सगळीकडं सारखा. दर्ग्यात वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या हौदापर्यंत ते बोलतात, हौदाच्या पलीकडं एक शब्द नाही.

एक काका चिडले. "अहो, देवळातलं सांगत न्हाई, ठीक हाय. दर्ग्यातलं तरी सांगा. तुमचाच हाय न्हवं?"

"माझा हाय," चाचा म्हणाले, "पर पाईपलाईन न्हाई."

मला हा नियम मनापासून पटला. आम्ही जयभीमवाले. देवळात कुठवर जाऊ नये हे माझ्या आजीला लोकांनी पुष्कळ वेळा सांगितलं होतं. कुठवर जावं हे मला चाचांनी सांगितलं. नळापर्यंत.

गल्लीतून चालताना दारादारांतून बायका विचारतात, "चाचा, पाणी कधी?" रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी विचारतात. चाचा चालता चालता सांगतात, "परवा. साडेनऊला. दाब कमी ऱ्हाईल." आणि परवा साडेनऊला पाणी येतं, दाब कमी असतो. मला वाटायचं चाचांना जमिनीखालचं ऐकू येतं. एक दिवस धीर करून विचारलं.

"आता पाणी सोडतो ना त्यो पोरगा, त्याची मोटरसायकल कुठं उभी हाय ते बघतो," ते म्हणाले.

त्या पहिल्या दिवशी साडेबारा वाजायला दहा मिनिटं असताना चाचा शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या दारात थांबले. बाकीच्या चौघांना त्यांनी एसटी स्टँडची वाट दाखवली. मला म्हणाले, "हिच्या माडीवर खोली रिकामी हाय. लाईनीतलं पयलं घर. दाब चांगला."

मी खोली मागितली नव्हती. मी राहणार की जाणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चाचा, मला काम लागंल आधी."

"उद्या सातला या. चावी धरायला."

"रोज?"

"हौ. माझा खांदा दुखतो."

त्यांचा खांदा दुखत नाही. त्यांनी एकदा मावशींचं शिलाई मशीन एकट्यानं माडीवर चढवलेलं मी बघितलंय. पण त्या दिवशी मी बस सोडली. कमाईतला वाटा त्यांनी पहिल्या दिवसापासून दिला. पोरगी होस्टेलातून खोलीवर आली आणि माझ्या हातची भाकरी खाऊन अभ्यासाला लागली. दिवाळी अजून लांब होती.

या मावशींच्या घरी एक गंमत झाली. पुण्याचं एक डॉक्टर जोडपं सैरीला आलं होतं. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोप्या. त्यांना जुनं घर आतून बघायचं होतं. चाचा म्हणाले, "कुणाच्या घरात उगं कसं घुसायचं?" नेमकं आम्ही गल्लीत शिरलो आणि नळ सुटला. आठ-नऊ दिवसांनी सुटलेला. मावशी घरात एकट्या, गुडघे दुखणाऱ्या. चाचांनी त्या डॉक्टरांच्या हातात घागर दिली, डॉक्टरीणबाईंच्या हातात कळशी. कुणाला काही विचारलं नाही. तासभर दोघांनी पाणी भरलं. ओटीवरचा रांजण, स्वयंपाकघरातली टाकी, न्हाणीतली पिंपं, माडीवरची माझी घागर. सगळं घर त्यांनी कोपरान्‌कोपरा बघितलं. शेवटी डॉक्टरीणबाई ओल्या साडीनं पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्ही प्रत्येकाला करायला लावता का?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "पाण्याच्या दिवशीच."

आता माझी चूक सांगते.

भाद्रपदात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डोळ्यावर हिरवी पट्टी आली आणि बाहेर पडायला बंदी. दुसऱ्याच दिवशी जिंतूरकडचे एक हेडमास्तर सैरीला आले. मुलाला भेटायला आले होते. वॉचमन म्हणाला, "ताई, तुम्हीच घेऊन जावा. तुम्हाला सगळं पाठच हाय की."

पाठ होतं. झाकणं, लाईनी, नळ. पण हेडमास्तरांच्या हातात वही होती आणि खिशाला दोन पेन. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी वहीवाला माणूस समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यांनी गोलाईत विचारलं, देवळात विचारलं, मी नळापाशी थांबले, तेही त्यांनी लिहून घेतलं. मग एका गल्लीत भिंतीलगत, मधोमध भोक पाडलेला एक मोठा दगड होता. त्यांनी काठीनं टकटक केली.

"हा कशाचा, ताई?"

मला ठाऊक नव्हतं. चाचा त्या दगडापाशी कधी थांबले नव्हते. पण मला वाटलं, माहीत नाही म्हणाले तर हा विचारील, मग तुम्हाला येतं काय, शिकलात किती. आणि तो क्लासच्या ऑफिसात सांगेल, की आठवी पास बाई गाईड म्हणून पाठवता. मग काम जाईल आणि दिवाळीला आम्ही दोघी इस्लापूरला.

म्हणून मी म्हणाले, "इथं निजामाचा हत्ती बांधायचे."

"असं?"

"हो. बेगमसाहेब आल्या होत्या हत्तीवर. हत्ती तहानला होता. गल्लीतल्या बायांनी घरातल्या सगळ्या घागरी त्याला पाजल्या. मग बेगमसाहेबांनी खूश होऊन गल्लीला विहीर दिली."

हे मी कुठून आणलं मला अजून कळत नाही. ते आपोआप येत होतं, आणि छान येत होतं. हेडमास्तर लिहीत होते. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "सोमवारी परिपाठात सांगतो पोरांना. पाण्याचं महत्त्व." साडेबाराला त्यांनी हात जोडले. मी त्या दिवशी गोलाईतून अशी चालले की जणू मी नववी, दहावी, बारावी सगळं एका सकाळीत करून आले.

तशीच चाचांकडं गेले, सांगायला. ते खाटेवर पडले होते, हिरवी पट्टी छताकडं. मी हत्तीचं सगळं सांगितलं. हसून सांगितलं.

ते म्हणाले, "तिथं म्हैस बांधायचे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघितलीय. काळी होती. त्याच्या आधीचं मला बी ठाऊक न्हाई."

मी म्हणाले, "चाचा, एका दगडानं काय होतंय. मास्तर खूश झाले की."

चाचा उठून बसले. डॉक्टरनं उठू नका सांगितलं होतं. "नोकरीचं पयलं साल," ते म्हणाले. "एका गल्लीतल्या बाया लई मागं लागल्या. मला वाईट वाटलं. म्हनलं, उद्या सकाळी सुटतंय. वरून हुकूम नव्हता, काई नव्हतं. नुसतं त्यांला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी गेलो तर रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घागरी. एक बाई रोजगार बुडवून बसली होती. दुपारपर्यंत बसल्या. मला कुणी शिवी दिली न्हाई. उठल्या, घागरी उचलल्या आन् घरात गेल्या." मग म्हणाले, "रिकाम्या घागरी उचलायचा आवाज ऐकलास कधी, बेटी?"

मी फोन काढून वेळ बघितली.

"मास्तरची बस कधी हाय?"

"दोनला. चाचा, तो ऑफिसात सांगंल. काम जाईल माझं. पोरगी..."

"जाईल," चाचा म्हणाले. मला वाटलं पुढं काहीतरी धीराचं बोलतील. ते म्हणाले, "ऑटोनं जा. पायी उशीर होईल." आणि परत आडवे झाले.

स्टँडवर हेडमास्तर बाकड्यावर बसून दशमी खात होते. मला बघून सरकले, बसा म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर बोलताच आलं नसतं.

"सर, हत्ती नव्हता."

"कुठला हत्ती?"

"तो दगडाचा. मी मनानं सांगितलं. तिथं म्हैस बांधायचे. बेगमसाहेब पण नव्हत्या. विहीर पण नाही."

त्यांनी दशमी कागदात गुंडाळून ठेवली. हात पुसले. "शिक्षण किती तुमचं?"

हाच प्रश्न. "आठवी," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून वही काढली, मग पट्टी काढली. एसटी स्टँडवर पट्टी घेऊन हिंडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. हत्तीपासून विहिरीपर्यंत प्रत्येक ओळीवर त्यांनी पट्टी धरून सरळ रेघ मारली. सहा ओळी होत्या. मग वही आणि पेन माझ्यापुढं केलं.

"खरं काय ते खाली लिहा."

मी उभ्यानंच लिहिलं. या दगडाला म्हैस बांधत. त्याच्या आधीचं माहीत नाही.

त्यांनी वाचलं. "म्हैस कुणी बघितली?"

"आमच्या चाचांनी."

"ते पण लिहा. कुणी बघितलं ते लिहावं लागतं."

मी लिहिलं. अक्षर असं आलं, जणू धावत्या बसमध्ये बसून लिहिलंय. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. हेडमास्तर "येतो" म्हणाले आणि चढले. रागावले की नाही, ऑफिसात सांगणार की नाही, काही कळू दिलं नाही. खिडकीतून मात्र ते वहीकडं बघत होते.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. क्लासकडून कुणी आलं नाही, सैर निघाली नाही. चाचा पट्टी लावून खाटेवर. पोरीला मी काही बोलले नाही, पण जादाची दोन भांडी पोत्यात भरून ठेवली, म्हणजे जायची वेळ आली तर घाई नको. ती म्हणाली, "मम्मी, ताट कुठाय?" मी म्हणाले, "घासायला टाकलंय." हेही खोटंच. पण त्याला कुठं जाऊन रेघ मारणार.

नवव्या दिवशी वॉचमन स्वतः खोलीवर आला. त्याला जिने चढायचं जिवावर येतं, म्हणून मी तिथंच समजले की आता काही खरं नाही.

"जिंतूरकडचे चार पालक आलेत," तो म्हणाला. "त्या हेडमास्तरनं पाठवलेत. मी म्हनलं, चाचा आजारी हायेत. तर म्हणतात, चाचा न्हाई पायजे. ज्या बाईला माहीत नसतं ती बाई पायजे."

मी हे चाचांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. माहीत असणारे लई हायत." मग बोटांवर मोजत गोलाईचे सोळा रस्ते वाटून टाकले. आठ त्यांचे, आठ माझे. सराफा त्यांनी मला दिला, कारण तिथं बोंब जास्त.

दिवाळीला पोरीचे पप्पा आले. आम्हाला न्यायचं की ठेवायचं हे ठरवून आले होते, काय ठरवलं ते सांगत नव्हते. चाचांनी त्यांना बघितलं, माझ्याकडून चावी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. अर्धा दिवस ते माझ्या आठ रस्त्यांतून माझ्यामागं चावी धरून फिरले आणि मी काय सांगते ते ऐकत राहिले. तीन ठिकाणी मी "मला माहीत नाही" म्हणाले. रात्रीच्या गाडीनं ते एकटेच परत गेले. जाताना पोरीला म्हणाले, "मम्मीचं ऐकत जा." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आता पोरीचं दुसरं वर्ष चालू आहे. परीक्षा जवळ आली. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही, तिलाही येत नाही. पण ती परीक्षेला बसणार, लातुरातूनच बसणार, एवढं झालं.

परवा सैर संपवून चहा पिताना चाचांनी सहज विचारलं, "तुमच्या गावाकडं काय हाय बघायला?"

मी म्हणाले, "सहस्रकुंड. पैनगंगेचा धबधबा. पावसाळ्यात आवाज लांबून ऐकू येतो."

चाचांनी धबधबा कधी बघितलेला नाही. सगळी हयात पाणी वाटण्यात गेली, पण या गल्लीचं बंद करून त्या गल्लीला द्यायचं, एवढंच पाणी त्यांनी बघितलं.

"कोण सोडतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच न्हाई. येतं आपलं."

"मंग बंद कोण करतं?"

"कुणीच न्हाई, चाचा."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "दिवसरात्र?"

"दिवसरात्र."

"लई बेजबाबदार काम हाय," ते म्हणाले.

मी हसले नाही. त्यांच्याकडं बघून हसता येत नाही. पण घरी येऊन मी पोरीच्या पप्पांना फोन केला आणि सांगून ठेवलं की श्रावणात दोन दिवस ऑटोला दुसरी सवारी घ्यायची नाही. चाचा अजून हो म्हणाले नाहीत. काल मात्र त्यांनी विचारलं की तिथं बसायला खडक आहे का, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो का. खडक आहे. पाय घसरतो. मी हात धरीन. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते दुसऱ्या कशानं फिटण्यासारखं नाही, म्हणून मी त्यांना तिथं नेणार आहे आणि पोट भरेस्तोर पाणी बघू देणार आहे. हे मी इथं लिहून देते.